कूस बदलली? हो

मी एक तक्ता बोलतोय. तक्ता म्हणजे फार मोठं काही नाही, पुठ्ठ्याच्या पाटीला चिमट्याने अडकवलेला एक जाडसर कागद. पलंगाच्या पायथ्याशी लटकत राहायचं हे माझं काम. वॉर्डात मला कूसतक्ता म्हणत. माणसं कागदी घोडे नाचवतात म्हणे. त्या घोड्यांपैकीच मी एक, आणि चांगला नाचलेला.

माझं मूळ मात्र वाईट नाही, हे आधी सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी या रुग्णालयात एक मोठ्या सिस्टर होत्या. ज्या माणसाला स्वतःहून हलता येत नाही त्याला दर दोन तासांनी डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर, मग पाठीवर असं वळवावं लागतं. नाहीतर हाड टेकतं तिथली कातडी सडते आणि जखम आत आत जात राहते. कामाच्या धबडग्यात हे विसरायला नको म्हणून त्यांनी वहीच्या पानावर पट्टीने रेघा मारल्या. महिन्याच्या एकतीस ओळी, प्रत्येक ओळीत बारा घरं. कूस बदलली की त्या घरात बरोबरची खूण आणि सही. पुढे त्या निवृत्त झाल्या, त्यांच्या रेघा छापखान्यात गेल्या, आणि मी हजारोंनी छापला जाऊ लागलो.

मला मिळाला नऊ नंबरचा पलंग. त्यावर एक आजी होती. अर्धांगवायूने तिची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. सगळी नाही, एक शब्द उरला होता. 'हो'. पाणी हवं असलं तरी हो, नको असलं तरी हो. वॉर्डात झाडलोट आणि उचल-ठेव करणाऱ्या मावशींनी दोन दिवसांत तिचं नाव ठेवलं, हो-आजी. "माझ्या सुनेला पाठवते इथे शिकायला," त्या म्हणायच्या. "जन्मात एकदा हो म्हणाली असेल तर शपथ!" आजीही हसायची, अर्ध्या तोंडाने.

तिचे निरनिराळे 'हो' फक्त तिच्या लेकीला कळत. लेक शिवणकाम करायची. रोज दुपारी चार ते पाच या भेटीच्या वेळेला यायची ती घाईघाईत, गळ्यातली मापाची फीत काढायचीही राहून गेलेली असायची. लांबवलेला 'होऽऽ' म्हणजे नाही. तुटका 'हो' म्हणजे दुखतंय. डोळे मिटून म्हटलेला तेवढा खरा. लेक विचारायची, "आई, कूस बदलतात ना गं?" आजी म्हणायची, "होऽऽ." मग लेक माझ्याकडे बघायची. माझी सगळी घरं भरलेली असायची.

आता माझं पाप सांगतो. पाळी बदलली की सिस्टर टेबलाशी बसायच्या, आम्हा तक्त्यांची चवड पुढ्यात ओढायच्या आणि त्या पाळीची सगळी घरं एकदम भरून टाकायच्या. दुपारी दोनला बसल्या की दोनचं, चारचं आणि सहाचंही. याला वॉर्डात 'तक्ते उरकणं' म्हणत. सगळ्याच पाळ्यांची ही रीत होती, त्यामुळे कोणी लपवूनही करत नसे.

या सिस्टर काही दुष्ट नव्हत्या. चाळीस पलंग, एक सिस्टर, एक मावशी, आणि एका माणसाला वळवायला दोघी लागतात. तुम्हीच बघा जमतं का ते. घर रिकामं राहिलं तर लेखी जाब द्यावा लागे. माणूस तसाच पडून राहिला तर विचारायला कोणी येत नसे. सुरुवातीला त्या 'आधी लिहून टाकू, मग करू' म्हणायच्या आणि काही वेळा करायच्याही. हळूहळू लिहिलं म्हणजे झालं, असं होऊन बसलं.

मला लाज वाटायची. आजी हलली नाही हे मी पायथ्याशी लटकून दिवसभर बघत होतो, आणि माझ्याच अंगावर 'डावी कूस' लिहिलेलं होतं.

एके दिवशी लेकीने मला चिमट्यातून सोडवलं आणि खिडकीशी नेलं. शिवणाऱ्या बाईची नजर ती. "सिस्टर, या तीन सह्या एका दमात मारल्यात," ती म्हणाली. "सलग घातलेले टाके मला कळतात."

"ताई, चाळीस पेशंट आहेत इथे," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्या आईपुरत्याच बसलोय का आम्ही?"

जाताना लेकीने पिशवीतून कापडावर खुणा करायचा निळा खडू काढला आणि पाठीवर निजलेल्या आजीच्या दोन्ही अंगांना लागून चादरीवर रेघ ओढली, कपडा बेतताना ओढतात तशी. दुसऱ्या दिवशी चारला ती आली तेव्हा रेघ जशीच्या तशी होती, कुठे फिसकटलेलीसुद्धा नव्हती. माझ्या म्हणण्याप्रमाणे आजी तोवर बारा वेळा वळली होती.

लेकीने आजीला एकटीनेच वळवायला घेतलं. जमेना, तेव्हा मावशी धावल्या. माकडहाडापाशी तळहाताएवढी जखम होती, मधे काळी पडलेली. मावशींनी तोंड फिरवलं. लेकीने विचारलं, "आई, कधीपासून गं हे?"

"हो," आजी म्हणाली. तुटका.

लेकीने अर्ज दिला. रुग्णांचा छळ आणि हेळसांड होऊ नये म्हणून आमच्याकडे एक समिती आहे, दारातच तिचा मोठा फलक आहे. चार दिवसांनी समितीचे साहेब आले, सकाळी अकराला, म्हणजे लेकीला आत सोडत नाहीत त्या वेळी. तोवर जखमेवर पांढरीशुभ्र पट्टी बसली होती. साहेबांनी आधी मला हातात घेतलं आणि घराघरावरून बोट फिरवलं. ते रिकामं घर शोधत होते. एकही सापडलं नाही. मग ते आजीकडे वळले, आणि लहान मुलाशी बोलावं तसा आवाज काढला.

"आजी, सिस्टर नीट बघतात ना?"

"होऽऽ."

"कूस बदलतात ना?"

"होऽऽ!"

"मग काही तक्रार नाही ना?"

"होऽऽ! होऽऽ! होऽऽ!" आजी धड असलेला हात पलंगाच्या दांडीवर आपटत होती.

"बघा, किती खूश आहेत," साहेब म्हणाले.

मावशी तिथेच बादली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं, सिस्टरांकडे पाहिलं, आणि बादली उचलून निघून गेल्या. त्यांची नोकरी दर तीन महिन्यांनी नव्याने मिळायची. मी त्यांना काय बोल लावणार, मी स्वतः कोणता सत्यवादी होतो?

साहेबांनी एक उलटा प्रश्न विचारायला हवा होता. "आजी, इथे तुम्हाला मारतात का?" याला पण ती हो म्हणाली असती, आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला असता. पण तसं विचारायचं कोणाला सुचलं नाही. तिच्या तोंडात एकच शब्द आणि माझ्या अंगावर एकच खूण. आम्ही दोघांनी मिळून तिच्या पोटच्या पोरीला खोटं पाडलं.

जखमेचं विष अंगात भिनलं आणि तेवीस तारखेला दुपारी सव्वातीनला आजी गेली. लेक चारला आली तेव्हा पलंग पुसून झाला होता. माझ्यावर चारच्या घरात 'डावी कूस' होतं आणि सहाच्या घरात 'उजवी कूस', दोन्हीकडे बरोबरची खूण, खाली सही. गेलेल्या बाईला मी दोनदा वळवलं होतं. लेकीने हे पाहिलं असतं तर जगाला दाखवलं असतं. पण मी तोवर नोंदींच्या खोलीत पोचलो होतो.

ती मला मागायला आली. रुग्णाच्या सहीशिवाय नोंदी दाखवता येत नाहीत, असं तिला सांगितलं गेलं. तिच्या हातात समितीचं पत्र होतं. 'नोंदी पूर्ण आहेत. रुग्णाने स्वतः समाधान व्यक्त केले आहे.'

"माझी आई नाही म्हणत होती हो," ती कारकुनाला म्हणाली. "तिचं नाही असंच होतं."

"पण ताई, शब्द तर 'हो' आहे ना?" कारकून म्हणाला. अगदी मऊपणाने म्हणाला. लेकीने पत्राची घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा केली, आणि गेली. त्यानंतर ती आली नाही.

मला वाटलं, आता गठ्ठ्यात पडून राहीन, वाळवी लागेल, सुटेन. तेही नशिबात नव्हतं. इतका नीट भरलेला तक्ता दुसरा नाही म्हणून मला निवडलं, प्लॅस्टिकमध्ये बसवलं आणि शिकवणीच्या खोलीत भिंतीवर टांगलं. आजीचं नाव आणि नोंदींच्या खोलीत माझ्या माथ्यावर मारलेला मृत्यूचा शेरा गुप्त राहावा म्हणून त्यांवर पांढरी पट्टी चिकटवली. दर सहा महिन्यांनी नव्या मुली येतात. शिकवणाऱ्या बाई माझ्यावर लाकडी पट्टी टेकवून सांगतात, "असा भरायचा." मुली वहीत उतरवून घेतात.

परवा एकीने हात वर केला. "बाई, तेवीस तारखेला सहाच्या पुढे काहीच कसं नाही?"

आता तरी कोणी ती पांढरी पट्टी सोलून बघेल, असं मला वाटलं.

"पेशंट घरी गेला असेल," बाई म्हणाल्या. मुलीने मान डोलावली आणि तेही लिहून घेतलं.

इथल्या कोणाकडून आता मला आशा उरलेली नाही, म्हणून तुमच्याशी बोलतोय. तुमचं कोणी असं पलंगावर पडून असेल, न बोलणारं, न हलणारं, तर पायथ्याशी माझा एखादा भाऊ लटकत असेल. त्याला वाचत बसू नका. आधी पांघरूण बाजूला करा, कोणाला तरी मदतीला घ्या, माणसाला हळूच वळवा आणि त्याची पाठ बघा.