मायाबाईंचं हुतूतू

"हुतूतूतूतूतू…" खुशालराव डोळे मिटून सुरू झाले ते थांबेचनात. मी घड्याळाच्या काट्याकडे बघत होते. वीस सेकंद झाले, तीस झाले. शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. अडतीसाव्या सेकंदाला त्यांनी दम सोडला, ओठ पुसले आणि म्हणाले, "अजून लांबवू का वो बाई? हातात खंजिरी असती त यापरीसही लांब नेला असता."

मी पुष्कळ झालं म्हटलं आणि कागदावर ३८ लिहून खाली दोन रेघा मारल्या. मोझरीकडच्या एका गावात चाळीस वर्षं खंजिरीवर भजनं म्हटलेला माणूस. त्याच्या श्वासाची काय काळजी करायची?

ही माझी रीत. अमरावतीच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी चोवीस वर्षं सिस्टर होते, तीही रिकव्हरीत, म्हणजे ऑपरेशननंतर भूल उतरेपर्यंत पेशंटला ठेवतात त्या खोलीत. भूल उतरताना कोणाचा श्वास दगा देईल हे आधी कळलं तर अर्धं काम होतं. आमच्याकडे कळायला काही साधन नव्हतं, म्हणून मी माझं काढलं. शाळेत मी हुतूतू खेळायची, पोरांना भारी पडायची. पेशंटला एका दमात हुतूतू म्हणायला लावायचं. पंधरा सेकंदांच्या आत दम तुटला की त्याच्या खाटेशी ऑक्सिजन लावून ठेवायचा. लोक हसत, पण म्हणत. आमचे सर्जन मोहोड सर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी न चुकता विचारत, "मायाबाई, हुतूतू काय म्हणते?" दोनदा त्यांनी माझ्या शब्दावर ऑपरेशन पुढे ढकललं होतं. मला ना डिग्री, ना मोठा पगार. त्या एका प्रश्नासाठी मी रोज कडक इस्त्री करून यायची.

मग दिवाळीनंतर डॉक्टर अलीझा आली. अकोल्याची, वय एकोणतीस, भूल देणारी डॉक्टर. वडील अब्दुल रहीम मोटारपंप दुरुस्त करत, हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. खांद्याला एक पिशवी, पिशवीत वहीएवढं सोनोग्राफीचं यंत्र. पेशंटच्या खाटेवरच बसायची, बरगडीखाली गार जेल लावून यंत्राची मूठ टेकवायची आणि छाती-पोटामधला पडदा श्वासागणिक किती हलतो ते बघायची. बोलायची अस्सल वऱ्हाडीत. म्हाताऱ्या बाया तिचे गाल कुरवाळायच्या. माझे कोणी कुरवाळले नव्हते.

तिच्यात खोट काढावी म्हटलं तर सापडेना, हेच मला जास्त खुपायचं. मला ताई म्हणायची. माझं हुतूतू तिने वहीत उतरवून घेतलं, चाळीस पेशंटांत माझे सेकंद आणि तिचा पडदा शेजारी शेजारी मांडले आणि मोठ्या आनंदाने दाखवायला आली, "ताई, चाळीसपैकी तेहतीस जुळले. बिना मशीनचे! कमाल है." तिला वाटलं मी खूश होईन. मी त्या सातांचा विचार करत घरी गेले.

महिनाभरात मोहोड सरांचा प्रश्न बदलला. "अलीझा, पडदा पाहिला?" मी तिथेच उभी असायची. ज्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे न बघता हे विचारलं, त्या दिवशी डबा मी तसाच परत नेला.

तर खुशालराव. पित्ताशयात खडे, सूज येऊन येऊन चिकटलेलं, त्यामुळे पोट उघडूनच करावं लागणार होतं. ऑपरेशन खरं तर दोन वर्षांपूर्वी व्हायचं, पण दोन हंगाम पाठोपाठ बुडाले आणि त्यांनी दुखणं गोळ्यांवर रेटलं. बरोबर मुलगी शालू, नवऱ्याघरची शेती सोडून आलेली. मी ३८ सांगून टाकले होते. दुपारी अलीझा यंत्र घेऊन बसली आणि बराच वेळ उठली नाही. मग तिने मला बोलावलं. यंत्राच्या काचेवर एक पांढरी रेघ होती, तोच उजव्या बाजूचा पडदा. खुशालरावांनी जोरात श्वास ओढला की ती खाली जायला हवी होती. ती जागची हलेना, उलट किंचित वर सरकली.

"बाबाजी, इकडं उजवीकडं कधी मार लागला होता का?" तिने विचारलं.

"लय वरसं झाले. शेंदूरजन्याले संत्रा तोडाले गेलतो, त शिडीवरून पडलो. खांदा, मान, समदं सुजलं होतं."

हे मी विचारलं नव्हतं. चोवीस वर्षांत कोणालाच विचारलं नव्हतं. अलीझाने मला हळू आवाजात समजावलं, की उजवा पडदा बहुधा तेव्हापासूनच निकामी आहे. भजनामुळे त्यांना आहे तेवढाच श्वास थोडा थोडा करून खर्चायची सवय लागली, म्हणून अडतीस सेकंद पुरला. पोटावर टाके पडले की तेवढाही पुरणार नाही. ती बोलत होती ते मला सगळं कळत होतं. तरी मी म्हटलं, "मशीन चुकू शकते." ती म्हणाली, "हो ताई, चुकू शकते," आणि ऑपरेशन चार दिवस पुढे ढकलून खुशालरावांना नळीतून श्वास ओढून डबीतले तीन चेंडू वर उचलायचा व्यायाम लावून दिला.

शालू माझ्याकडे रडकुंडीला आली. "बाई, सोयाबीन त गेलंच, आता कापसाची वेचनी खोयंबून राहिली. बाबा त चांगले हायेत म्हणे तुमच्या हिशोबानं. मंग चार दिस कावून?" मला तिला समजावता आलं असतं. मी म्हटलं, "नव्या लोकांना भीती जास्त असते." असं बोलून मला बरं वाटलं, हे कबूल करते.

पाचव्या दिवशी ऑपरेशन झालं. सगळं नीट. भूल देऊन अलीझा पुढच्या केसला जाण्याआधी रिकव्हरीत आली आणि मास्क लावून श्वास पुरवणारं यंत्र, आमच्याकडे तेव्हा ते एकच होतं, खुशालरावांच्या खाटेशी आणून ठेवलं. वर पांढरी चिकटपट्टी लावली. त्यावर लिहिलं होतं, 'खुशालराव. सहा वाजेपर्यंत हलवू नये.' मला म्हणाली, "ताई, तुमच्या भरोशावर सोडून जाते."

अर्ध्या तासाने वरच्या मजल्यावरून लीलाबाईंचा फोन आला. लीलाबाई अकरा-अकरा महिन्यांच्या करारावरची सिस्टर. तिच्याकडे दम्याची एक बाई होती, फार वाईट नव्हती, पण यंत्र मोकळं असेल तर लावून बघू म्हणत होती. मी खुशालरावांकडे पाहिलं. शांत झोपले होते. ३८, मी मनात म्हटलं. आणि मी ती पट्टी नखाने सोलून काढली, गोळी करून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि यंत्र वर पाठवलं. माझा हात चुकून गेला नाही. सहा वाजता ती येईल, यंत्राशिवाय बरा असलेला पेशंट बघेल, मोहोड सरही बघतील, एवढंच डोक्यात होतं.

पावणेतीनला खुशालरावांच्या मानेच्या शिरा ताणल्या. डोळे उघडे, कपाळावर घाम. ऑक्सिजन लावला, तरी रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा नव्वदच्या खाली आला, मग पंच्याऐंशी. त्यांनी माझं मनगट धरलं. बोलायला दम नव्हता, नुसते ओठ हलत होते. मी अलीझाला बोलावणं धाडलं. ती धावत आली, खाटेच्या डाव्या बाजूला बघितलं, मग उजव्या बाजूला.

"मशीन?"

"वर आहे," मी म्हटलं.

तिने हाताने दाबायचा फुगा ओढून घेतला. त्यांच्या तोंडावर मास्क दाबून हाताने फुगा दाबत राहिली. लिफ्ट बंद होती, यंत्र जिन्याने यायला अकरा मिनिटं लागली. अकरा मिनिटं मी त्यांची हनुवटी धरून उभी होते आणि तिची पांढरी पडलेली बोटं बघत होते. यंत्र लागल्यावर तासाभराने आकडा पंच्याण्णववर आला. हात धुवायला वळताना तिची नजर कचऱ्याच्या डब्यात गेली. पट्टीची गोळी वरच पडली होती. 'खुशा' एवढी अक्षरं दिसत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पायाने डब्याचं झाकण बंद केलं.

मोहोड सरांनी मला विचारलं तेव्हा यंत्र लीलाबाईंनी मागून नेलं एवढंच मी सांगितलं, म्हणून संध्याकाळी त्यांनी लीलाबाईंना बोलावलं. पट्टी लावलेली असताना यंत्र नेलंच कसं? लीलाबाई शपथेवर सांगत होती की पट्टी नव्हती. अलीझा खाली मान घालून म्हणाली, की गडबडीत पट्टी बहुधा तिनेच नीट चिकटवली नसेल. सरांना ते पटलं नाही. दोन दिवसांनी लीलाबाईंच्या हातात कागद पडला, करार पुढे वाढणार नाही असा.

ती खाली माझ्याकडे आली. भांडली नाही. "मायाताई, तुमी जुन्या मानूस हा. तुमीच सांगा, पट्टी व्हती का त्याच्यावर?" मी मला नीट आठवत नाही म्हटलं. ती वर निघून गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून मी मोहोड सरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. लोक म्हणतील, बाईचं मन शेवटी जागं झालं. लीलाबाईंचं वाईट वाटलं हे खरं. पण मला खरं खुपत होतं ते पायाने बंद केलेलं झाकण. त्या पोरीच्या मेहरबानीवर उरलेली नोकरी काढायची, रोज तिने ताई म्हणायचं आणि रोज मी ते ऐकायचं, हे मला सोसवणार नव्हतं. सर खूप वेळ टेबलावरची काच पुसत राहिले. मग म्हणाले, "मायाबाई, तुमच्याकडून?" बस्स, एवढंच. लीलाबाईंचा करार वाढला. मला पुढच्या महिन्यापासून बाह्यरुग्णांच्या पट्ट्या बदलायच्या खोलीत बसायला सांगितलं. आता त्या गोष्टीला काही वर्षं झाली, अजून तिथेच बसते.

खुशालरावांना सुट्टी झाली तेव्हा माझा रिकव्हरीतला शेवटचा महिना संपायला तीन दिवस होते. मी त्यांची कपड्यांची आणि औषधांची पिशवी उचलून फाटकापर्यंत पोचवायला निघाले. ते हळूहळू चालत होते, दर वीस पावलांवर थांबत होते. फाटकाशी त्यांनी हात जोडले. "जय गुरु, बाई. त्या दिवशी मायी हनवटी धरून तुमी उभ्या व्हत्या, मले समदं दिसत व्हतं. तुमी मले माघारी आनलं." शालू माझ्या पाया पडायला वाकली.

किती वर्षं मी हेच ऐकायला आसुसले होते. अलीझा कुठे आसपास नव्हती. मी पुढे होऊन शालूचे खांदे धरले आणि तिला वाकू दिलं नाही.

"श्वासाचं मशीन तुझ्या बाबांसाठी राखून ठेवलेलं होतं," मी म्हटलं. "त्या डॉक्टरीणबाईनं ठेवलं होतं. मी ते वर पाठवलं. मुद्दाम."

"कावून?" शालूने विचारलं.

"तिचं खरं होऊ नये म्हणून."

रस्त्यावरून एक ऑटो गेला, दुसरा येऊन थांबला.  खुशालरावांचे हात अजून जोडलेलेच होते, ते त्यांनी खाली घेतले. शालूने त्यांना आत बसवलं, धोतराचा सोगा आत घेतला. मग परत आली, माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि स्वतःच्या खांद्याला लावली. पिशवी जड होती. तिचा खांदा एका बाजूला झुकला, तरी तिने ती खाली ठेवली नाही.