आबांचं जांभूळ

आमच्या गावात मेल्या माणसाची राख नदीला सोडत नाहीत. नदीला पाणी असतंच कुठं? गायरानात स्मृतीवन केलंय. तिथं खड्ड्यात राख टाकायची, वर झाड लावायचं आणि नावाची पाटी ठोकायची. कल्पना चांगली होती. पण तिलाही पुढारी लागला.

छबुबाईची एकुलती एक लेक वैष्णवी डेंगीनं गेली. तिच्या राखेवर छबुबाईनं जांभूळ लावलं. डोक्यावरून पाणी नेलं, शेळ्या हाकलल्या, उन्हाळ्यात ओल टिकावी म्हणून बुडाशी उसाचं पाचट अंथरलं. झाड आधी लेकीएवढं झालं, मग तिच्याही वर गेलं.

शेजारीच गावपुढारी अर्जुनरावांनी वडलांच्या, म्हणजे आबांच्या, राखेवर वड लावला. नर्सरीतून क्रेननं आणलेला. आबांच्या झाडाला चिखल शोभत नाही म्हणून खोडाला खेटून संगमरवरी ओटा बांधला. पाण्याचा थेंब आत जायला जागा ठेवली नाही. वड वाळला. जिवंतपणी बापाला तरी कुठं पाणी विचारलं होतं, असं आम्ही मनातल्या मनात म्हणालो. मोठ्यानं म्हणायची छाती कुणाची?

आबांच्या पुण्यतिथीला मोठे पाहुणे येणार होते. त्यांना वाळका वड कसा दाखवायचा? अर्जुनरावांनी वैष्णवीची पाटी उपटली, तिथं आबांची ठोकली आणि जांभळाभोवती ओटा बांधायला गवंडी लावला.

छबुबाई धावत आली. “अण्णा, लेकरू हाय माझं तिथं.”

“कावून रडायलीस? झाड कुटं पळून चाललंय का?” अर्जुनराव म्हणाले. “आबांचं नाव लागलं, पोरीचं नशीब उघडलं तुझ्या.”

ती मातीतच बसली. “नाव आबांचंच राहू द्या. माझं काई म्हणणं न्हाई. फकस्त बुडाशी हातभर माती उघडी ठिवा. वडाचं काय झालं, तुमी बघितलंय.”

“बरं, ठिवतो. झालं समाधान?”

तिनं त्यांचे पाय धरले. मला तिचा राग आला, आणि बघत उभ्या राहिलेल्या आम्हा सगळ्यांचा त्याहून जास्त.

पुण्यतिथीच्या सकाळी ती बघायला गेली, तर फरशी थेट खोडाला भिडलेली. पाहुण्यांच्या बुटांना माती लागंल म्हणून मालकानंच बुजवायला लावलं, असं गवंडी खाली बघत म्हणाला. छबुबाईनं कळशी आणून खोडाशी ओतली. पाणी फरशीवर पसरलं आणि ओट्यावरून खाली रस्त्यावर ओघळून गेलं.

तेवढ्यात गाड्यांचा धुरळा दिसला.

“ए म्हातारे, फरशी निसरडी करून ठिवलीस की!” अर्जुनराव ओरडले. “पूस लवकर. पाहुणा पडला म्हंजे?”

आम्ही इस्त्रीचे कपडे घालून हार धरून उभे होतो. कुणी हललं नाही. छबुबाई गुडघ्यावर बसली आणि पदरानं लेकीच्या झाडाखालची फरशी पुसू लागली. अर्जुनरावांनी वाकून फरशीवर बोट फिरवलं. खोडाजवळ अजून थोडी ओल होती.

“तितलं बी पूस,” ते म्हणाले.

तिनं तेही पुसलं.