लिंबाखालचं दुपटं

लंकाबाईच्या हातचं दुपटं मिळालं की बाळ अंग धरतं, असं जामखेडकडच्या बायका ठामपणे सांगत. गनीभाई टेलर कापडाचे उरलेसुरले तुकडे पिशवी भरून तिच्यासाठी ठेवायचा. त्यांना जुन्या लुगड्याचं अस्तर लावून ती बारीक धावदोऱ्यानं हातभर दुपटी शिवायची. नियम एकच, पाचवी पुजल्याशिवाय सुईत दोरा ओवायचा नाही. आधी शिवलं तर म्हणे दृष्ट लागते.

या नियमानंच तिचा घात केला. तिच्या लेकीचं, दिशाचं, पहिलं पोर पाचवीच्या आदल्या दिवशी गेलं. साऱ्या गावाची पोरं उबेत निजवणाऱ्या बाईचा सख्खा नातू दुपट्यावाचून मातीत गेला. लंकाबाईनं नेसत्या हिरव्या लुगड्याचा पदर फाडून त्याला गुंडाळलं आणि शेताच्या बांधावर लिंबाखाली त्याला पुरलं. फाडताना एक तुकडा हातात राहिला. मातीत गेलेल्या कापडाचं उरलेलं घरात आणू नये, हे काय तिला कोणी शिकवायला हवं होतं? पण टाकवेना. तिनं तो कमरेला खोचला आणि घरी येऊन चिंध्यांच्या गाठोड्यात ढकलला.

पुढे दिशाला मुलगी झाली. पाचवी पुजली, आणि लंकाबाई हौसेनं दुपटं शिवायला बसली. गाठोड्यात हात घातला तर तोच हिरवा तुकडा वर आला. बहिणीपाशी त्यालाही जागा मिळू दे, असं मनाशी म्हणत तिनं तो अगदी मधोमध लावला.

मग भलतंच सुरू झालं. पोरीला मधोमध निजवावं, तर थोड्या वेळानं ती कडेला सरकलेली. जेमतेम महिन्याचं पोर, त्याला कुशीवर तरी वळता येतं का! एकदा भर दुपारी लंकाबाईनं हिरव्या तुकड्यावर हात ठेवला. पोर कडेला गार पडलं होतं आणि तुकडा मात्र उबदार लागत होता. त्यावर लहानसा खळगाही पडला होता.

उन्हाची तिरीप आली असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली. पण पोर वाळत चाललं. दिशाला दूध मायंदाळ, तरी पोरीच्या बरगड्या दिसू लागल्या. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिचं वजन दोन-दोनदा करून पाहिलं. लंकाबाईनं दुसरं दुपटं अंथरावं, तर दिशा ते काढून पुन्हा हेच अंथरायची. शेवटी लंकाबाई कात्री घेऊन टाके उसवायला बसली, तोच दिशा दारात उभी.

"आये, नगं काढू त्याला."

"कुनाला गं?" लंकाबाईनं कात्री खाली ठेवली.

"तुजं लुगडं मी वळखत न्हाई व्हय? पयल्या दिवशीच वळखलं." दिशा शांतपणे हसली. "हिच्या आदी त्याला पाजते मी. थोरला हाय ना त्यो. लई भूक असती त्याला."

लंकाबाईनं पोरीला उचलून दिशाच्या पुढ्यात धरलं. "हिच्याकडं बघ! ही जित्ती हाय, दिशे. हीबी जाईल!"

दिशानं बरगड्यांवरून बोट फिरवलं. मग तिला हुंदका फुटला. "पन त्याला आपन दुपटंबी दिलं न्हाई गं. किती थंडी हुती."

"मग आता दिऊ," लंकाबाई म्हणाली. तिचेही डोळे वाहत होते.

तिनं हिरवा तुकडा उसवला. दिशानं दुधानं भिजलेला आपला पदर फाडून दिला. दोघींनी मिळून तळहाताएवढं दुपटं शिवलं आणि लिंबाखालची माती उकरून आत ठेवलं. दिशानं वरून हलकेच थोपटलं. "नीज आता."

त्या दिवसापासून पोर मधोमध निजू लागलं, अंग धरू लागलं. लंकाबाई आता बाळ जन्मायच्या आधीच दुपटं शिवून ठेवते. बायका दृष्टीची भीती घालतात, तर ती फणकारते, "लागू द्या दृष्ट! पोर उघडं जायला नगं."

दिशा मात्र रोज दुपारी बांधावर जाऊन येते. परतते तेव्हा तिची चोळी दुधानं ओली असते. आल्या आल्या लंकाबाई आधी पोरीला उचलून पाजायला तिच्या मांडीवर देते.