कालव्यापलीकडच्या टाचण्या

भूगोलाच्या बाईंना पुस्तकातले नकाशे कधी पुरलेच नाहीत. जगात पैसा कुठे साठलाय आणि माणसं कुठे दाटलीत, हे घोकून पोरांच्या डोक्यात शिरत नाही, असं त्यांचं ठाम मत. म्हणून जगाचा नकाशा रंगवून झाल्यावर त्यांनी गावाचा मोठा नकाशा वर्गाबाहेरच्या भिंतीवर लावला आणि सातवीला फर्मान सोडलं, "आपापल्या घरावर टाचणी टोचा. नळाला दिवसभर पाणी असेल तर निळी, तासभरच येत असेल तर लाल. आणि खोटं चालणार नाही हं!"

पोरांनी खरंच खोटं केलं नाही. कालव्याच्या अलीकडे सगळं निळं, पलीकडे चार लाल टाचण्या. बाई हरखून गेल्या. याहून चांगला धडा कोण शिकवणार होतं?

मधल्या सुट्टीत शाळेचे कारकून चहाचा कप घेऊन नकाशापुढे थबकले. "बाई, ही पलीकडची चार कशी? आपल्याकडे प्रवेश फक्त अलीकडच्यांना. मग अर्जावरचे पत्ते कुणाचे?"

बाईंच्या आता लक्षात आलं. कुणी मावशीचा पत्ता दिला असणार, कुणी आईच्या मालकिणीचा. घरच्यांनी जिवापाड जपलेलं गुपित बाईंनी स्वतः भिंतीवर टांगलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त हात बाईंचा आणि अवलक्षण पोरांच्या नशिबी.

"अहो, घाईत चुकीच्या जागी टोचल्यात," त्या म्हणाल्या.

"मग नीट करून घ्या. दुपारी मोठे सर बघायला येताहेत." भला माणूस. आणखी काही न विचारता निघून गेला.

बाई टाचण्या उपटू लागल्या. तीन निघाल्या. चौथीला हात घातला तर मागे चिमणी उभी. वर्गातली सगळ्यात बारकी, म्हणून सगळे तिला चिमणीच म्हणत.

"बाई, माझं घर चुकलं का? मी तीनदा मोजलं. पुलापासून पाचवी गल्ली."

तिने बरोबरच मोजलं होतं. बाईंना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"चुकलं," त्या म्हणाल्या. "सर यायच्या आत अर्जातल्या पत्त्यावर लाव."

चिमणीने आपली लाल टाचणी स्वतःच काढून डबीत टाकली आणि हात पुढे केला.

"मावशीकडे पाणी दिवसभर असतं. निळी द्या."

बाईंनी दिली.