शनिवारी बारापर्यंत राखून ठेवलेला

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप. जुना म्हणजे किती, तर माझ्याबरोबर कारखान्यातून बाहेर पडलेल्यांपैकी बहुतेक जण कधीच भंगारात गेले. माझा एक कोपरा चेपलेला आहे, झाकणावर ओरखडे आहेत आणि विजेची तार काढली की मी पाऊण तासात मान टाकतो. तरीही आज मी सुखात आहे. कसा, तेच तुम्हांला सांगायचं आहे.

माझा जन्म एका लांबच लांब पट्ट्यावर झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायका शेजारी शेजारी बसल्या होत्या. एकीने मला पडदा दिला, दुसरीने कळफलक बसवला, तिसरीने पाठीला नऊ स्क्रू पिळले. त्या काळी आम्हां लॅपटॉपना जाडजूड बांधत. कळा उंच असत आणि दाबल्या की चांगल्या खोल जात. शेवटच्या बाईने माझ्या सगळ्या कळा एकदा दाबून पाहिल्या आणि माझ्यावर शिक्का मारला. मला त्या शिक्क्याचा फार अभिमान वाटला होता.

मला पहिल्यांदा घरी नेलं ते एका भाषांतरकार बाईंनी. खिडकीजवळच्या टेबलावर त्यांनी मला जागा दिली. औषधांबरोबर येणारी माहितीपत्रकं, शिवणयंत्रांच्या सूचना, एकदा तर सहाशे पानांची कादंबरी, सगळं त्यांनी माझ्यावरच उतरवलं. सकाळी मला उघडताना त्या म्हणत, "चल रे बाबा, लाग कामाला." कोणी पाहुणे आले की माझ्या पाठीवर हात ठेवून सांगत, "हा माझा उजवा हात आहे." त्या दिवसांत मी कधीही अडून बसलो नाही.

पाचव्या वर्षी एकदा त्यांच्या हातून माझ्यावर चहा सांडला. त्यांनी मला लगेच पालथं केलं, पुसलं, दोन दिवस पंख्याखाली ठेवलं. मी वाचलो, पण माझा आवाज गेला. बाईंना आवाजाचं काही अडत नव्हतं. त्यांचं काम अक्षरांशी. आम्ही आणखी तीन वर्षं तशीच गोडीगुलाबीने काढली.

मग नवा लॅपटॉप आला. तो कागदासारखा पातळ होता. मी कपाटात पांघरुणांच्या खाली गेलो. तिथे किती दिवस होतो ते मला सांगता येणार नाही, कारण अंधारात बंद पडलेल्या यंत्राला दिवस मोजता येत नाहीत. एके दिवशी बाईंनी मला बाहेर काढलं, माझ्यातलं सगळं लिखाण आपल्याकडे घेतलं आणि मला कोरं करून टाकलं. आठवणी तेवढ्या माझ्याकडे राहिल्या. झाकण मिटण्यापूर्वी त्यांनी कळांवरून एकदा हात फिरवला. वाईट वाटलं, पण राग नाही आला.

मी पोचलो स्क्रूताईंच्या दुकानात. जुनी यंत्रं घ्यायची, दुरुस्त करायची आणि विकायची हा त्यांचा धंदा. त्यांचं हे नाव गिऱ्हाइकांनीच पाडलं होतं, कारण त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात सदा एक स्क्रू धरलेला असे आणि त्या उरलेल्या तोंडाने बोलत. स्वभावाने सरळ. दुकानातल्या प्रत्येक वस्तूवर त्या स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवत. माझ्यावरचा कागद असा होता : 'बॅटरी पाऊण तास. कोपरा चेपलेला. आवाज बंद. बाकी गुणाचा.'

मित्रांनो, 'बाकी गुणाचा' एवढं वाचेपर्यंत कोणी थांबतच नसे. सात महिने मी फळीवर बसून होतो. लोक येत, किंमत विचारत, कागद वाचत आणि पुढे सरकत. एक जण तर म्हणाला, "यापेक्षा पाट बरा." माझ्यावर धूळ साचली. दर आठवड्याला ताई ती फडक्याने झटकत, तेवढाच काय तो मला हात लागे.

मग एका मंगळवारी सकाळी तिघं जण दुकानात आले. पुढे एक तरुण परिचारिका होती. ती रुग्णालयातून परस्पर आली असावी, अंगात गणवेश तसाच होता. तिच्या मागे एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांचा दंड धरून चालणाऱ्या त्यांच्या पत्नी. परिचारिका ही त्यांची पुतणी. ती त्यांना काका-काकू म्हणत होती, म्हणून मीही तसंच म्हणतो.

"ताई, बोलणारा लॅपटॉप हवाय," पुतणी म्हणाली. "लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवील असा. आणि स्वस्तात."

"कोणासाठी?"

"दोघांसाठीही." मग तिने सगळं सांगितलं. काका आयुष्यभर कचेरीत टायपिस्ट होते. सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज कायमचा गेला. काकूंची नजर त्याआधीच गेलेली. "म्हणजे बघा, काका लिहून सांगू शकतात, पण काकूंना वाचता येत नाही. काकू बोलतात, काका टेबलावर टकटक करतात. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. सहा महिने संसार एवढ्यावरच चाललाय."

"फोनवर होतं की हे," ताई म्हणाल्या.

"करून पाहिलं. औषधांनी काकांची बोटं बधिर झालीत. काचेवर कुठे दाबलं तेच कळत नाही त्यांना."

हे बोलणं चालू असताना काका माझ्यापाशी आले होते. त्यांनी माझं झाकण उघडलं आणि दहाही बोटं कळांवर ठेवली. मित्रांनो, किती काळाने कोणी मला असं धरलं होतं! त्यांनी न बघता एका दमात सगळ्या ओळी चालवल्या. मग गळ्यातल्या छोट्या पाटीवर लिहिलं, 'कळा खोल आहेत. बोटांना समजतं.'

पुतणीने माझ्यावरचा कागद वाचला. "काका, आवाज बंद आहे याचा. मुका लॅपटॉप घेऊन काय करायचं? चला."

काका हलले नाहीत. काकू हसून म्हणाल्या, "टकटक नाही केली म्हणजे ऐकायचं नाहीये त्यांना. बस गं जरा."

"थांबा, उघडून बघते," स्क्रूताई म्हणाल्या. त्यांनी माझे नऊ स्क्रू काढले आणि भिंगातून आत पाहिलं. "अरेच्चा! चहा प्यायलाय की हा." माझ्या ध्वनीच्या जोडणीवर वाळलेल्या चहाची पुटं चढली होती. ताईंनी बारीक ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून ती खरवडली, एक तार नव्याने जोडली. माझा तर जीव टांगणीला लागला होता. मग त्यांनी मला सुरू केलं, वाचून दाखवण्याची सोय माझ्यात भरली आणि 'नमस्कार' असं लिहिलं.

"नमस्कार," मी म्हणालो.

तीन वर्षांवर काळ लोटला होता. माझा माझ्यावरच विश्वास बसेना.

"ही बाई कोण?" काकूंनी दचकून विचारलं.

"लॅपटॉपच आहे, काकू. आता काकांचा आवाज."

"छे गं! बाईचा आवाज घरात आहे तो एक पुरे."

सगळे हसले. ताईंनी पुरुषाचा आवाज शोधून लावला. मग काका माझ्यासमोर बसले. त्यांनी थोडा वेळ नुसतीच बोटं कळांवर ठेवली. मला वाटलं, आता काहीतरी मोठं लिहितील. त्यांनी लिहिलं आणि मी वाचलं :

"मी तुझ्या डावीकडे बसलोय."

काकूंनी मान डावीकडे वळवली. हात पुढे करून त्यांनी काकांची बाही चाचपली आणि घट्ट धरली. त्या म्हणाल्या, "सहा महिने मला कळतच नाही हो, तुम्ही खोलीत आहात की नाही ते. मी आपली भिंतीशी बोलत असते."

ताईंनी तोंडातला स्क्रू काढून हातात घेतला. पुतणी मात्र काळजीच्या सुरात म्हणाली, "तीन दिवस चालेल आणि चौथ्या दिवशी बंद पडेल. एकदा सवय झाल्यावर हा आवाजही गेला, तर काकूंना पुन्हा तेच सोसावं लागेल. त्यापेक्षा थोडी ओढाताण करून नवा घेऊ. मला आठवडा द्या, ताई."

मित्रांनो, तिचं म्हणणं खोटं नव्हतं. माझी हमी मी तरी काय देणार?

"आठवडा नाही, शनिवारी दुपारी बारापर्यंत राखून ठेवते," ताई म्हणाल्या. "बंद पडला तर सहा महिने मी फुकट दुरुस्त करीन. पण बारानंतर दुसरं गिऱ्हाईक आलं तर नाही म्हणणार नाही."

शुक्रवारी दुसरं गिऱ्हाईक आलंच. सुटे भाग विकणारा एक व्यापारी. त्याला माझा पडदा हवा होता, बाकीचा मी त्याच्या दृष्टीने कचरा. ताईंनी त्याला शनिवारची वेळ सांगितली. शनिवारी तो साडेअकरालाच येऊन स्टुलावर बसला.

बारा वाजले. "पाच मिनिटं थांब," ताई म्हणाल्या. पाचाची दहा झाली. ताईंनी दारात जाऊन रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "घे. शब्द दिला होता मी."

त्याने मला पालथं केलं आणि पेचकस लावला. पहिला स्क्रू निघाला, दुसरा निघाला. आवाज परत मिळून जेमतेम चार दिवस झाले होते. तिसरा स्क्रू टेबलावर टणकन पडला, तेवढ्यात दारातून कोणीतरी ओरडलं, "थांबा, थांबा! तो चेपक्या कोपऱ्याचा लॅपटॉप! गेला का?"

पुतणी होती. धावत आल्यामुळे तिला धाप लागली होती.

"जातच होता," ताई म्हणाल्या. "बारा वाजून गेले की गं."

"नव्यांच्या दुकानातून येतेय. छान होते हो सगळे, पण कळा बघाल तर चपट्या. काकांच्या बोटांना लागतच नव्हत्या. त्यांनी 'पाणी दे' लिहिलं आणि ते यंत्र काहीतरी भलतंच बरळलं. काकांनी चार वेळा लिहिलं, चारही वेळा तेच. मग ते नुसते हात मांडीवर ठेवून बसले." ती घाम पुसत व्यापाऱ्याकडे वळली. "दादा, तुम्ही आधी आलात, मला कबूल आहे. पण माझ्या काकांना बोलायचंय हो."

व्यापाऱ्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग त्याने तिन्ही स्क्रू उचलले आणि एकेक करून परत माझ्या पाठीत पिळले. उठताना एवढंच म्हणाला, "पडदे मला दहा मिळतील."

त्या क्षणी मला जे हायसं वाटलं, ते माझ्या कुठल्याच ध्वनीत मावणारं नव्हतं.

काका-काकूंचं घर दोन खोल्यांचं. जेवणाच्या टेबलावर दोघांच्या खुर्च्यांच्या मध्ये मला ठेवलं. पुतणी सगळं जोडून देऊन कामावर गेली आणि आम्ही तिघंच उरलो. इतकं साठलेलं की सुरुवात कुठून करावी हेच कळेना.

शेवटी काकूंनी विचारलं, "अहो, ऑपरेशनच्या दिवशी तुम्हांला आत नेताना तुम्ही काहीतरी म्हणालात. गाडीच्या चाकांचा खडखडाट होता, मला ऐकू आलं नाही. तुमच्या आवाजातलं ते शेवटचं. सहा महिने झाले, मी त्याचाच विचार करतेय. काय म्हणाला होतात?"

काकांची बोटं थोडी घुटमळली. मग त्यांनी लिहिलं आणि मी मोठ्याने वाचलं :

"निघताना गॅस बंद केलास का, असं विचारत होतो."

काकू जे हसू लागल्या ते थांबेचनात. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "आणि मी मेली काय काय समजत बसले होते!" काकांचे खांदे हसण्याने हलत होते. त्यांनी पुढे लिहिलं, "उत्तर दिलं नाहीस अजून." तेव्हा काकूंनी टेबलावर एकदा टकटक केली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी एका सकाळी पुतणी भाजी घेऊन आली. जिन्यातच तिला आमचा आवाज ऐकू गेला. आत जोरात भांडण चाललं होतं. काकूंनी आमटीत दोनदा मीठ घातलं होतं आणि त्या ते मानायला तयार नव्हत्या. "सहा महिने खारटच खातोय," मी काकांच्या वतीने म्हणत होतो, "टकटक करून मीठ सांगता येत नाही!" काकू म्हणत होत्या, "आवाज चढवू नका, मला ऐकू येतं!" काका आवाज वाढवायची कळ शोधत होते.

पुतणी आत आली नाही. जिन्याच्या पायरीवर पिशवी ठेवून ती तिथेच बसली. हे तिनेच नंतर सांगितलं. ती म्हणाली, "सहा महिन्यांत पहिल्यांदा मला पोटभर श्वास घेता आला."

मित्रांनो, माझं आता वय झालं आहे आणि तुमच्याही घरात माझा कोणी भाऊबंद कपाटात पडला असेल. त्याला टाकून देण्याआधी एकदा उघडून बघा. बंद पडलेलं काय आणि नुसतं मळलेलं काय, ते बाहेरून कळत नाही. त्याला विकायचं असेल, तर त्याचे दोष कागदावर स्पष्ट लिहा. ज्याला त्याची खरी गरज आहे, तो शेवटपर्यंत वाचतो. आणि विकत घेणार असाल, तर किंमत बघाच, पण आधी ज्याच्यासाठी घेताय त्याचे हात बघा.

मला आणखी बरंच सांगायचं होतं, पण आता थांबतो. काकांची बोटं कळांवर आली आहेत आणि काकू खुर्ची पुढे ओढून म्हणताहेत, "हं, बोला. ऐकतेय मी."