बाईंचा हात

पडद्यावर आपलाच हात एवढा थोरला झालेला पाहून बाईंना आधी हसू आलं. अंगठ्यावरचा भाजल्याचा जुना डाग, फुगलेल्या शिरा, नखाजवळची भेग, सगळं दिसत होतं. त्या हाताखाली खारूचा इवलासा हात आणि त्यात पेन्सिल. दोन्ही हात मिळून सावकाश ‘म’ गिरवत होते.

मग कुठूनतरी खर्जातला एक सूर सुरू झाला. कडी लागल्याचा आवाज आला. पेन्सिल एकदम थांबली आणि पडदा काळा झाला.

सभागृहात कुणीतरी किंचाळलं.

“अगं आई गं, म्हातारीच आहे!” मागच्या रांगेतला एक तरुण ओरडला. “म्हातारीनंच मारली सगळी पोरं!”

टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टीही मारली.

बाईंनी शेजारी बसलेल्या भाच्याकडे पाहिलं. सिनेमा त्याचाच होता. पण तो पडद्याकडे बघतच नव्हता. मान वळवून तो लोकांचे चेहरे न्याहाळत होता, पाहुण्यानं पहिला घास घेताना सुगरणीनं बघावं तसा.

“अरे,” बाई कुजबुजल्या, “मी मारलं?”

“श्श. मावशी, पुढे बघ.”

पुढे बाईंचं कपाट होतं. तेच, ज्याचं दार नीट लागत नाही म्हणून त्या कागदाची घडी सारून ठेवत. पडद्यावर ते दार आपोआप उघडलं. आत लहान मुलांच्या चपला ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. एकीचा पट्टा दोऱ्यानं शिवलेला होता. तो दोरा बाईंनीच घातला होता. पलीकडच्या खुर्चीतला माणूस दाणे खात होता. चपला दिसल्यावर त्याचं तोंड क्षणभर थांबलं, आणि मग तो आणखी जोरात चावू लागला.



बाई म्हणजे शाळेतल्या बाई. निवृत्त झाल्या तरी त्यांना दुसरं नाव मिळालं नाही. शाळेनं ज्यांच्यावर फुली मारली होती अशी मुलं संध्याकाळी त्यांच्या बाहेरच्या खोलीत येत. कुणाला अक्षरं उलटी दिसत, कुणाला ती लागतच नसत. बाई कुणावर ओरडत नसत. मुलाच्या मागे बसायचं, त्याच्या हातावर हात ठेवायचा आणि अक्षर अंगात मुरेपर्यंत गिरवून घ्यायचं, एवढीच त्यांची विद्या. अक्षर आधी मनगटाला कळतं, मग डोक्याला, असं त्या म्हणत.

खारू त्यांच्यातली सगळ्यात धाकटी. पेन्सिल कुरतडायची म्हणून बाईंनीच तिला खारूताई हे नाव दिलं होतं. ‘म’ आणि ‘भ’ तिला एकच वाटत. आता आता कुठे तिचं मनगट सैल पडू लागलं होतं.

भाचा आला तो तेव्हाच. हातात एक कॅमेरा, बरोबर दोन मित्र आणि खिशात काहीच नाही. “मावशी, तुझी खोली दे. एक लहान मूल हरवतं, त्याची गोष्ट आहे. तू त्याची बाई. तू रोज करतेस तेच करायचं, वेगळं काहीच नाही.”

“आणि मूल सापडतं का रे शेवटी?”

“शेवट कुणालाच सांगितला नाहीये. नटांनासुद्धा नाही. एकानं तोंड उघडलं की बाहेर फुटतो. आमच्याकडे तेवढीच तर पुंजी आहे, मावशी. शेवट.”

बाईंना ते पटलं होतं. मुलांना गोष्ट सांगताना त्याही शेवट राखून ठेवत. त्यांनी खोली दिली, चहा दिला, खारूच्या आईला सांगून खारूचा हातही दिला. एका संध्याकाळी मुलांना गिरवायला बसवून त्या डोळे तपासायला गेल्या असताना मागे मित्रांनी कपाट उघडलं होतं, दाराबाहेरच्या चपला आत मांडल्या होत्या आणि पुन्हा जागच्या जागी ठेवल्या होत्या. ते त्यांना आज कळत होतं.

सिनेमा संपल्यावर सभागृहाबाहेर गर्दीनं त्यांना घेरलं.

“काय थंड डोक्यानं काम केलंत हो! आवाज म्हणून चढवला नाहीत.”

“मोठ्या सिनेमात कळतं, की हा अमका नट आहे, संध्याकाळी घरी जाऊन जेवणार आहे. इथं तसं नाही. इथं खरंच वाटतं. तो स्वेटर, ती खोली!”

“स्वेटर माझाच आहे,” बाई म्हणाल्या. त्यांच्या अंगात तोच होता. लोक खो खो हसले.

एका बाप्यानं आपल्या मुलाला पुढे ढकललं. “ठेवा ना हात त्याच्या हातावर. तसाच. फोटो काढतो. अरे, बघ की बाईंकडे! घाबर ना जरा, घाबर!”

मुलगा खरंच घाबरला. बापाला फोटो फार आवडला.

भाचा मागून आला आणि त्यानं बाईंना मिठीच मारली. “मावशी, लोक हादरले गं! चार पैशांच्या सिनेमाला हादरले!”

“मला घरी सोड,” एवढंच बाई म्हणाल्या.

पुढे सिनेमा लोकांच्या फोनवर आला आणि गावभर झाला. सगळा कुणी बघत नसे. हाताचा तेवढा तुकडा कापून लोक एकमेकांना पाठवत. वाण्याच्या दुकानात पोरं बाईंना पाहून आपलाच एक हात दुसऱ्यावर ठेवून दाखवत. बाईंना वाटे, खोडकर मुलं आहेत, समजावलं तर समजतील. पण ती मुलं नव्हती, मिशा फुटलेले बाप्ये होते. वरच्या मजल्यावरची सून लेकराला भरवताना म्हणाली, ते त्यांनी कानांनी ऐकलं, “खा पटकन, नाहीतर खालच्या बाईंना बोलावीन.” ती वाईट नव्हती. आदल्याच आठवड्यात तिनं बाईंना दवाखान्यात नेलं होतं. एका अनोळखी माणसानं तर फोन करून विनंती केली, “आमचा चिरंजीव अभ्यासाला बसत नाही. त्याला फोनवर दोन शब्द सांगाल का? जरा त्या आवाजात.”

“कुठल्या आवाजात?” बाईंनी विचारलं.

“हाच! हाच आवाज!” माणूस आनंदानं ओरडला.

संध्याकाळी दाराबाहेरच्या चपला कमी होत गेल्या. कुणी भांडून गेलं नाही. कुणाला खोकला झाला, कुणाकडे पाहुणे आले. मग एके दिवशी एकही चप्पल नव्हती.

बाई खारूच्या घरी गेल्या. खारूची आई कपड्यांच्या कारखान्यात काजं करायची. घरीही तिच्या मांडीवर शर्टांचा ढीग होता. बाईंना पाहून ती लगबगीनं उठली.

“बसा ना बाई. चहा टाकते.”

“चहा नको. खारू कुठे आहे?”

“आत आहे.” तिनं आवाज खाली आणला. “बाई, मला कळतं हो, खोटं आहे ते. माझ्यासमोरच तर काढलं. मीच हौसेनं दाखवायला नेलं, म्हटलं बघ, तुझा हात केवढा मोठा दिसतोय. आणि ती बघते तर काय, हात मरतोय की हो तिचा! आता पेन्सिल धरली की हात आखडतो. शाळेतली पोरं तिला ‘मेलेली’ म्हणतात. बघा तरी, मेलेली आली, मेलेली डबा खाते.”

“मी बोलू तिच्याशी?”

खारूची आई शर्टाची बाही उलटसुलट करत राहिली. “आज नको,” ती म्हणाली. “तिच्या बापानं बजावलंय. तुमचं काही नाही हो त्यात. पण माणसाच्या मनाला कोण समजावणार?”

दुसऱ्या दिवशी बाईंनी भाच्याला बोलावून घेतलं. तो मिठाईचा पुडा घेऊन हसतच आला.

“तेवढा हात काढून टाक सिनेमातून,” बाई म्हणाल्या.

“मावशी, तो हातच तर सिनेमा आहे! बाकी काय आहे त्यात? दोन अंधारे जिने आणि एक पोलीस, तोही माझा मित्र, त्याला टोपी मोठी होते.”

“मुलं येईनाशी झालीत.”

“येतील गं. लोक विसरतात. त्यांना पुढच्या महिन्यात दुसरा खुनी मिळेल.”

“त्यांना मिळेल. खारूला दुसरी बाई मिळेल का?”

तो खुर्ची पुढे ओढून, लहानपणी चूक झाली की जवळ यायचा तसा जवळ आला.

“मला आधी सांगितलं असतंस तर?” बाईंनी विचारलं.

“तर तू केलं नसतंस.”

“म्हणजे माझं उत्तर तुला ठाऊक होतं.”

“तसं नाही. ऐक. तुला सांगितलं असतं तर तू अभिनय केला असतास. डोळे वटारले असतेस, मग लोक हसले असते. लोकांना भीती वाटली ती तू काही केलंस म्हणून नाही. तू इतकी मायेनं वागतेस ना, तेच भयंकर दिसतं. मी फक्त ते पकडलं.” तो हे सगळं कौतुकानं सांगत होता. त्याच्या डोळ्यांत अगदी पाणी आलं होतं.

“पकडलं म्हणे. उंदीर होता का तो?” बाईंचा आवाज अजूनही चढला नव्हता. “तुला पहिलं अक्षर कुणी शिकवलं?”

“तू.”

“कसं?”

तो मिठाईच्या पुड्याची दोरी चाळवू लागला.

“हात धरून. तेव्हा तुला भीती वाटली होती?”

“नाही गं मावशी.”

“मग जी तुला वाटली नव्हती, ती तू त्या लेकराच्या मनात कशी घातलीस?”

“लोक त्यासाठीच तर येतात,” तो खाली मान घालून म्हणाला. आणि तेवढ्यात फोन वाजला म्हणून त्यानं तो पाहिला. पाहिल्यावाचून त्याला राहवलं नाही. त्याचा चेहरा उजळला. “मावशी, दुसरा भाग मागतायत! तुलाच घेऊन.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. पुष्कळ मुलं शिकवली होती त्यांनी. खोटं बोलणारी, चोरून खाणारी, दुसऱ्याची पाटी फोडणारी. एकाचीही त्यांना कधी किळस आली नव्हती. ती आता आली, आणि तीही स्वतःच्या बहिणीच्या मुलाची.

“चपला घाल,” त्या म्हणाल्या.

“मावशी...”

“घाल चपला. आणि तो पुडा घेऊन जा.”

बरेच दिवस गेले. एका संध्याकाळी दारात खारूची आई उभी राहिली. शाळेनं निरोप पाठवला होता, मुलगी वर्गाबरोबर चालत नाही, घरीच ठेवा. खारू आईच्या मागे होती.

“मी इथं उंबऱ्यात बसते,” आई म्हणाली. “चालेल ना? आणि बाई... तेवढं हाताचं... हात नका लावू तिला. तुम्हाला राग येईल, पण...”

“बसा,” बाई म्हणाल्या.

खारू चप्पल न काढताच आत आली आणि भिंतीला पाठ लावून बसली. म्हणजे मागे कुणाला बसता येणार नाही. बाई समोर, चांगल्या दूर बसल्या. मधे पाटी होती.

“‘म’ काढायचा,” बाई म्हणाल्या. “आधी डावीकडे उभी रेघ ओढ, लहानशी. हं. आता तिच्या पायाशी एक बारीक गाठ मार. मग तिथूनच आडवी जा, थेट उजवीकडे. तिकडे एक उंच दांडा उभा कर, डोक्यापासून पायापर्यंत.”

खारूनं रेघ ओढली. बाईंचे शब्द तिच्यापर्यंत पोचत होते, पण बोटांपर्यंत उतरत नव्हते. पेन्सिल एवढी घट्ट धरली होती की नखं पांढरी पडली होती. गाठीशी येऊन पेन्सिल अडखळली, भलतीकडेच वळली आणि तिथंच थांबली. नुसतं मनगट जरासं उचलून दिलं असतं तरी पुरलं असतं. बाईंचा हात गुडघ्यावरून उठला. खारूनं तो पाहिला आणि डोळे मिटून घेतले.

उंबऱ्यातून आई मान उंचावून बघत होती. “जमलं की गं!” ती म्हणाली. तिच्या आवाजात अजिजी होती. “बाई, जमलं ना?”

बाईंनी पाटीकडे पाहिलं. जे होतं ते ‘म’ नव्हतं आणि ‘भ’ही नव्हतं.

“नाही जमलं,” त्या म्हणाल्या. “अजून नाही.”

खारूनं डोळे उघडले.

बाईंनी आपले दोन्ही हात मांडीखाली घेतले, शिक्षा झालेलं मूल बसतं तसं, आणि पुन्हा सांगायला सुरुवात केली.