दोन काळ्या घोंगड्या आणि लेकीची ओटी

एकाच कळपाच्या लोकरीच्या, एकाच ताण्यावर विणलेल्या दोन काळ्या घोंगड्या तीन वर्षांच्या अंतराने ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या विमानतळावर उतरल्या. पहिली तपासणी होऊन बाहेर गेली. दुसरी आणि तिला घेऊन आलेली बाई, दोघींना परत पाठवण्यात आले.

परत आलेली घोंगडी मी. मित्रांनो, सध्या माझा मुक्काम माण तालुक्यातल्या एका घराच्या मागच्या पडवीत, सरकीच्या पेंडीच्या पोत्यांवर आहे. माझ्याविषयी गावात जे बोलले जाते त्यातले बरेचसे चुकीचे आहे. म्हणून जे घडले ते क्रमाने सांगते.

आम्हा दोघींना म्हसवडच्या केरबाने विणले. लोकर कातरली, पिंजली, कातली. ताण्याला चिंचोक्याची खळ दिली आणि मागावर एक लांबलचक पट्टा विणून तो मधोमध कापला. बहिणी म्हणायच्या तर आमच्याइतक्या सारख्या बहिणी कुठे सापडणार नाहीत. या घरच्या अंजनाबाईंनी आम्हाला विकत घेतले तेव्हा केरबा म्हणाला, "वैनी, ह्या घोंगड्या तुमच्या नातवंडाच्या बी कामाला येतील." विणकर आपल्या मालाविषयी असेच बोलतात. मालाला त्याची सवय असते.

अंजनाबाईंची मुलगी प्रांजल सांगलीच्या एका दवाखान्यात परिचारिका होती. तिचा नवरा इंद्रजित कुपवाडच्या कारखान्यात यंत्रांची दुरुस्ती करायचा. दोघांनाही ऑस्ट्रेलियात काम मिळाले आणि जाताना प्रांजलने माझ्या बहिणीला सोबत नेले. पोहोचल्यावर तिने आईला फोनवर सगळी हकिगत सांगितली. विमानात एक कार्ड भरायला देतात. प्राण्यांपासून केलेल्या वस्तू, धान्य, बियाणे, माती यांपैकी काही जवळ आहे का, असे त्यावर विचारलेले असते. तिने 'हो' लिहिले. अधिकाऱ्याने माझ्या बहिणीला पोलादी टेबलावर पसरले, बॅटरी लावून वीण तपासली, एक कुसळ चिमट्याने काढून डबीत टाकले आणि "जा" म्हणून सांगितले. बस, इतकेच.

ही हकिगत मी माझ्या कानांनी ऐकली, कारण तेव्हा अंजनाबाई माझ्यावरच बसल्या होत्या.

सव्वादोन वर्षांनी प्रांजलला दिवस गेले. आधीचे एक मूल पाचव्या महिन्यात गेले होते, त्यामुळे डॉक्टरांनी तिला जपायला सांगितले होते. इंद्रजितची नोकरी दूरच्या खाणीवर. तो घरी असे त्यापेक्षा जास्त बाहेर असे. प्रांजलने आईला बोलावले. "आई, तू आलीस की मला बाकी काही नको," एवढेच ती म्हणाली. अंजनाबाई तालुक्याच्या पलीकडे फार गेलेल्या नव्हत्या. तरीही त्या निघाल्या.

व्हिसाचे काम दहिवडीच्या दिग्विजयकडे दिले. त्याचे एस.टी. स्टँडसमोर कार्यालय होते. भिंतीवर विमानाचे चित्र होते आणि फिरती खुर्ची फक्त त्याच्यासाठी होती. वर्षभर राहायचे असल्याने छातीचा फोटो काढावा लागला. त्यासाठी अंजनाबाई पुण्याला जाऊन आल्या. मग अर्जातले प्रश्न. क्षय झाला होता का? नाही. कधी गुन्हा? नाही. कोणत्या देशाने व्हिसा नाकारला होता का? नाही. प्रत्येक उत्तर खरे होते. व्हिसा मिळाला.

"बगा मावशी," दिग्विजय म्हणाला, "समद्या प्रश्नांचं उत्तर येकच. न्हाई."

अंजनाबाईंच्या मनात मात्र एक शंका होती. लेकीचे डोहाळजेवण इथे करता आले नव्हते. म्हणून शेजारच्या अंबूबाईंनी आणि गल्लीतल्या बायकांनी लेकीची ओटी तिच्या आईच्या पदरात घातली होती: गहू, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी. ती खणात बांधून माझ्या घडीत ठेवली होती. लेकीपर्यंत पोहोचेतो ती कुठेही खाली ठेवायची नाही, असे अंबूबाईंनी बजावले होते. प्रांजलला हे फोनवर सांगितले तेव्हा ती घाईने म्हणाली होती, "आई, आणायची तर आण, पण कार्डावर 'हो' लिही. फार तर टाकून देतील."

टाकून देतील. पोटुशीची ओटी कचऱ्यात. अंजनाबाईंनी त्या दिवशी जेवताना अर्धी भाकरी ताटातच सोडली.

त्यांनी दिग्विजयला विचारले, "लेक म्हणती, हाय म्हणून सांग. मग वटी काढून घेत्याल का रं?"

"आवं मावशी, सांगायचंच कशापायी? हाय म्हटलं की पिशव्या उसकटत्यात. न्हाई म्हणायचं, नीट चालत भाईर पडायचं. आजपातूर इतकी माणसं धाडली, येक गडी म्हागारी आला न्हाई."

"पर प्रांजल तर म्हणती..."

"प्रांजल येकदा गेलीया. माझं रोजचं हाय."

हे वाक्य नीट तपासण्यासारखे आहे, मित्रांनो. दिग्विजयने धाडलेली सगळी माणसे मस्कत आणि दुबईला गेली होती, मजुरीला, एकेक पिशवी घेऊन. ऑस्ट्रेलियाला त्याने एकालाही धाडलेले नव्हते. प्रांजल एकदाच गेली होती, हे खरे. पण ती त्याच विमानतळावरून, त्याच प्रश्नाला उत्तर देऊन, माझ्याच बहिणीला घेऊन गेली होती. एका बाजूला पुष्कळ अनुभव होता, पण दुसऱ्याच रस्त्याचा. दुसऱ्या बाजूला थोडा होता, पण त्याच रस्त्याचा. अंजनाबाईंनी पुष्कळ असलेला निवडला.

विमानात शेजारच्या बाईने त्यांचे कार्ड हिंदीतून विचारून भरले. प्रत्येक प्रश्नाला अंजनाबाईंनी नकारार्थी मान हलवली. उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याजवळ एक बुटका, गोड स्वभावाचा तपासणीचा कुत्रा आला आणि माझ्या पिशवीला नाक लावून शांत बसला.

"हाड!" अंजनाबाई म्हणाल्या. मग त्याच्या मालकिणीकडे बघून हसल्या. "ह्येला मेंढराचा वास आला जणू."

त्यांना बाजूला नेण्यात आले. अधिकारी तरुण बाई होती. तिने फोनवर मराठी दुभाष्याला घेतले. दुभाष्याचे बोलणे शहरी होते, पण समजेल असे होते. "आई, या बाई विचारताहेत, तुमच्याजवळ धान्य किंवा बी-बियाणं आहे का? असेल तर आत्ता सांगा. सांगितलंत तर चालेल."

सांगितलंत तर चालेल. हे शब्द मी ऐकले. अंजनाबाईंनीही ऐकले. त्यांचा हात माझ्या घडीवर घट्ट झाला.

"न्हाई," त्या म्हणाल्या.

"नक्की?"

"न्हाई म्हणून सांगा त्यास्नी."

मला उलगडण्यात आले. खण निघाला. गाठ सुटली तेव्हा पोलादी टेबलावर गहू पसरले, आणि गव्हातून एक किडा बाहेर पडून टेबलाच्या कडेकडे चालू लागला. अधिकारी बाईने त्याच्यावर पेला उपडा ठेवला.

"आई, हे गहू आहेत," दुभाषी हळू आवाजात म्हणाला.

"गहू न्हवं. वटी हाय लेकीची."

दुभाष्याने हे वाक्य कसे सांगितले मला ठाऊक नाही. अधिकारी बाईने ते ऐकून मान खाली घातली आणि लिहायला घेतले. ती उद्धट नव्हती. तिने अंजनाबाईंना पाणी दिले. त्या देशाची शेती अशा एका किड्याने बुडू शकते. आपल्याकडे धान्याच्या कोठारांत काय चालते ते पाहिलेल्या कोणालाही हे पटावे. व्हिसा रद्द झाला. पुढची तीन वर्षे नव्याची आशा नाही, असे सांगण्यात आले. खणासकट ओटी एका पिवळ्या पिशवीत गेली, पिशवीचे तोंड बंद करण्यात आले.

प्रांजल भिंतीपलीकडे उभी होती, भरल्या दिवसांची. तिला आत येता येत नव्हते. तिच्याशी फोनवर बोलू दिले.

"आई, मी सांगितलं होतं ना?"

"व्हय. पर तू म्हणालीस, टाकून देत्यात."

"दिले असते टाकून. गहूच होते ना ते?"

"तुझी वटी हुती, प्रांजल."

मग ती म्हणाली, "आता मी घरी कुणासोबत जाऊ?"

परतीच्या विमानात अंजनाबाईंनी मला पांघरले, पण त्यांचे थरथरणे थांबले नाही. ऊब देणे एवढेच मला येते; ते तिथे पुरेसे नव्हते.

कळा सुरू झाल्या तेव्हा प्रांजल एकटी टॅक्सीने दवाखान्यात गेली. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. अंजनाबाईंनी नात फोनच्या काचेवर पाहिली. तिच्या खाली माझी बहीण अंथरलेली होती.

गावाने लगेच कारणे शोधली. अंबूबाई म्हणाल्या, "तरी मी म्हणत हुते, शुभ कामाला काळं न्हेऊ न्हाई." याच अंबूबाई बिरोबाच्या जत्रेत काळ्या घोंगडीवर बसून प्रसाद घेतात, शिवाय माझी बहीणही काळीच आहे. कोणी म्हणाले, निघायचा दिवस वाईट होता. त्याच विमानातून उतरलेली बाकी सगळी माणसे बाहेर पडली. दिग्विजयने गावभर सांगितले, "घोंगडीला मेंढराचा वास, कुत्र्यानं धरली. माझा कागूद पक्का हुता." लोकांना हे पटले, कारण दोष घोंगडीला दिला की कोणाचेच काही बिघडत नाही. दिग्विजयच्या फिरत्या खुर्चीसमोर आजही रांग असते. अंजनाबाईंनी मला पडवीत टाकले. माझ्या कडेला आता कसर लागली आहे. कोणी उन्हात घातले तर मी अजून पुष्कळ वर्षे टिकेन, पण मला उन्हात घालायचे म्हणजे तो दिवस आठवायचा, आणि अंजनाबाईंना ते नको आहे. लेकीचा फोन येतो तेव्हा त्या नातीविषयी विचारतात. ओटीचा विषय दोघीही काढत नाहीत.

कारण वासात नव्हते, रंगात नव्हते, दिवसात नव्हते. गव्हातही नव्हते; 'हो' म्हटले असते तर गहू पिवळ्या पिशवीत गेले असते आणि अंजनाबाई लेकीकडे गेल्या असत्या. विचारल्यावर प्रांजलने खरे सांगितले. अंजनाबाईंनी सांगितले नाही, कारण दोन सल्ल्यांपैकी त्यांनी खरा कोणता हे पाहिले नाही. ओटी वाचवण्याचे आश्वासन कोणता देतो, हे पाहिले.